डॉर्कसच्या छातीतला आवाज

आमच्या गल्लीत ऑक्टोबर लागला की पोरांना शिवून टाकतात. खरंच सांगते, सुई-दोऱ्यानं. आधी छातीपाठीला बदकाची चरबी चोपडायची, वर जाड तपकिरी कागद गुंडाळायचा, त्यावर फ्लॅनेलची बंडी चढवायची आणि गळ्यापासून बेंबीपर्यंत टाके घालायचे. पोर उसवायचं ते थेट मे महिन्यात, कुंपणाची काटेरी झुडपं पांढरी फुलल्यावर. मधले महिने हात-पाय-तोंड धुवायचं, बाकीचं देव बघतो. वास येतो का? येतो की. सगळ्यांनाच येतो, म्हणून कुणालाच येत नाही.

माझी वहिनी केझाया या कामात गल्लीत पहिल्या नंबरची. तिचा टाका असा की पोर झाडावरून पडलं तर हाड मोडेल, बंडी उसवणार नाही. तिला कारण होतं. तिचा थोरला, ईनॉक, चार वर्षांचा असताना एका शहाण्या दाईनं ऐन फेब्रुवारीत त्याला उसवून आंघोळ घातली. आठवड्याच्या आत पोरगं छाती भरून गेलं. मागनं माझा भाऊ जाबेझही गेला. तो गिरणीच्या रंगखात्यात होता, आणि रंगखात्यातली माणसं म्हातारी होत नाहीत. तेव्हापासून केझाया, तिची नऊ वर्षांची डॉर्कस आणि मी एका चुलीवर राहतो. केझाया आणि मी एकाच गिरणीत विणकाम करतो, शेजारशेजारच्या मागांवर. मागांच्या खडखडाटात तोंडाच्या हालचालीवरनं बोलायची सवय पडलीय, त्यामुळे आम्ही घरीही तोंड मोठं करूनच बोलतो. भांडतोय असं वाटतं. बहुतेक वेळा भांडतच असतो.

तर त्या वर्षी शाळेत डॉक्टर आली. सरकारनं नवा कायदा केला होता, पोरांना तपासायचं. आमच्यावर माया आली म्हणून नव्हे. आफ्रिकेतल्या लढाईला माणसं भरती करायला गेले, तेव्हा साहेबलोकांच्या ध्यानात आलं की गिरणीगावच्या पोरांच्या बरगड्या लांबूनच मोजता येतात. तोफेपुढं उभं करायला धड माणूस मिळेना, मग काढा दवाखाना! असो. कारण काहीही असो, आली ती डॉक्टर.

आईनं सोबत यावं असा निरोप होता. केझायाचा माग बिघडलेला, तो सुरू करून घेण्यात ती अडकली, म्हणून मी गेले. डॉक्टरीण देशाच्या दक्षिणेकडची, डॉ. पेनफोल्ड. उंच, हाडकुळी, शब्द कात्रीनं कापल्यासारखे बोलणारी. शाळेच्या मोठ्या खोलीत एका खुर्चीवर बसलेली, शेजारी कारकून, आणि पोरांची रांग दाराबाहेर पटांगणापर्यंत. प्रत्येकाचे कपडे काढत बसली असती तर ईस्टर उजाडलं असतं. तिनं डॉर्कसच्या झग्याची वरची दोन बटणं सोडली, छाती ऐकायची नळी आत सरकवली आणि बंडीवरच टेकवली.

"श्वास घे."

कुर्रर्र.

"सोड."

कुर्रर्र.

डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. नळी पाठीला लावली. पाठीलाही कागद होताच. केझाया पाठ कशी सोडेल!

"दोन्ही बाजूंना आहे," ती कारकुनाला म्हणाली. "तळापासून वरपर्यंत. इतकं स्पष्ट मी क्वचितच ऐकलंय."

मी तोंड उघडलं. म्हणणार होते, बाई, तो किराणावाल्याचा कागद आहे. तेवढ्यात ती माझ्याकडे वळून म्हणाली, "हिला टेकडीवरच्या उघड्या शाळेत घालते. सोमवारपासून. ट्राम फुकट, तीन वेळचं जेवण तिथंच."

मी तोंड मिटलं. तुम्ही काय केलं असतं?

डॉर्कसनं माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षांची असली तरी कार्टी बापासारखी तिरकस. तिनं आणखी एक दणदणीत श्वास घेतला. कुर्रर्र!

"पुरे, पुरे," डॉक्टरीण म्हणाली, "ताण देऊ नकोस, बाळ."

बाहेर आल्यावर डॉर्कस म्हणाली, "आत्या, मी आजारी आहे का?"

"डॉक्टर म्हणते म्हणजे असशील."

"मग तिथं गेल्यावर श्वास हळू घेऊ का जोरात?"

"बेतानं घे," म्हटलं. "रोज रोज जत्रा नको."

घरी मी केझायाला तीन जेवणांचं सांगितलं, कागदाचं सांगितलं नाही. माझी वहिनी प्रार्थनामंदिरात पहिल्या बाकावर बसणारी बाई. वाण्यानं चुकून एक अंडं जास्त दिलं तर पावसात परत नेऊन देणारी. तिला सांगणं म्हणजे थेट डॉक्टरला सांगणं. पण त्याचा परिणाम असा झाला की लेकीची छाती बिघडली म्हणून ती रडली, डोळे पुसले, टाके उसवून आत आणखी एक कागद घातला आणि पुन्हा शिवून टाकलं. आता डॉर्कस पायातला बूट काढायला वाकली तरी घरभर आवाज व्हायचा.

टेकडी आमच्या धुराच्या वर आहे. तिथली शाळा म्हणजे लाकडी छपऱ्या, तीन बाजूंना भिंत, चौथी बाजू मोकळी. वारा वर्गातून असा जातो जसा काही त्याचंही नाव हजेरीत आहे. पोरं टोप्या-मफलर घालून पाढे म्हणतात. सकाळी ओटची लापशी, दुपारी मटणाचा रस्सा आणि पुडिंग, संध्याकाळी दूध-पाव. मधे कॉड माशाचं तेल, एकाच चमच्यानं रांगेत. दुपारी जेवल्यावर सगळ्यांनी बाहेर कापडी खुर्च्यांवर घोंगड्या घेऊन झोपायचं, थंडी असो नाहीतर धुकं. झोप नाही आली तरी डोळे मिटायचे. कुणाच्या पायाला लोखंडी पट्ट्या, कुणाच्या पाठीला पोक, कुणी नुसतंच पांढरंफटक. आमच्या खालच्या शाळेत साठ पोरांच्या वर्गात ही पोरं मागच्या बाकावर खोकत बसायची आणि खोकल्याबद्दल छडी खायची.

डॉर्कस रोज संध्याकाळी ट्राममधून उतरायची ती बडबडतच. "आत्या, माझ्या खुर्चीवर माझं नाव आहे! आई, आज एक चिमणी रूथच्या पाटीवर येऊन बसली आणि हगली! आई, मला वाफा मिळालाय, मी त्यात कांदे लावणार." रूथ म्हणजे तिची मैत्रीण, कमरेपासून घोट्यापर्यंत लोखंडात. दोघींची जोडी. एक वाजते, दुसरी खडखडते, असं मास्तरीणच म्हणाली म्हणे.

केझाया ऐकायची आणि ओठ आवळायची. "पोरांना थंडीत वाळत घालतात," ती मला म्हणायची. "धुण्यासारखं. छाती बिघडलेल्या पोरीला! बरं तर बरं, मी कागद दोन घातलेत."

पण पोरीच्या गालावर मांस येत होतं. मी बघत होते. ती जिना चढताना थांबेनाशी झाली होती. भूक ही एकच दुखणं असं आहे की ज्याचं औषध सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरी त्यासाठी टेकडी चढावी लागते.

नोव्हेंबर सरता सरता एका शनिवारी दुपारी टेकडीवरच्या शाळेची नर्स टॅटरसॉल दारात उभी राहिली. ही आमच्याच भागातली, रुंद हाडाची, तोंडानं फटकळ.

"आत येऊ का? नाही म्हणालात तरी येणार आहे, बाहेर गारठा आहे," म्हणत ती चुलीपाशी बसली. "केझाया ना तू? हे बघ बाई, टेकडीवर न्हाणीघराचा बंब एकदाचा बसला. सोमवारपासून सगळ्या पोरांना गरम पाण्याची आंघोळ. तुझी पोरगी उसवून पाठव."

"नाही," केझाया म्हणाली.

"नाही कसं? मलाही माझ्या आईनं बारा वर्षं शिवलं. मला माहितीय सगळं. पण तिथला नियम आहे."

"नियमाला पोरं होतात का? माझं एक पोर आंघोळीनं गेलं."

टॅटरसॉल हलक्या आवाजात म्हणाली, "ते ऐकलंय मी. पण बाई, आंघोळ नाही तर खुर्ची नाही. खाली रांगेत पोरं थांबलीत. सोमवारी डॉक्टरीणबाई येतात, आंघोळीनंतर एकेकाची छाती ऐकणार आहेत. पोरगी उसवलेली नसेल तर त्या तिचं नाव काढतील. मी काही करू शकणार नाही."

ती गेली. डॉर्कस जिन्यावर बसून ऐकत होती. तिच्या तोंडावरचा सगळा वात्रटपणा उतरला होता.

मी तिथंच मनात हिशेब मांडला आणि माझं डोकं फिरलं. उसवलं नाही तर खुर्ची गेली. उसवलं तर डॉक्टरीण उघड्या छातीला नळी लावणार, आत ना कुर्र ना चुर्र, ठणठणीत. म्हणजे तरीही खुर्ची गेलीच. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे माझी भाची, घोंगडी घेऊन.

"केझाया," मी म्हटलं, "बस खाली. तुला एक सांगायचंय. ओरडू नकोस."

सगळं सांगितलं. नळी, बंडी, कागद, कुर्र.

केझाया उठली, डॉर्कसला जिन्यावरून ओढून आणलं, तिच्या छातीला कान लावला.

"श्वास घे गं."

कुर्रर्र.

"हा कागद?"

"कागदच, आई. दोन आहेत ना आता."

केझाया मटकन खुर्चीत बसली आणि हसायला लागली. मी तिला ईनॉक गेल्यापासून असं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता तिनं पदराएवढा तो ॲप्रन तोंडात कोंबला. मग अचानक थांबली.

"सेलिना! इतके आठवडे मी हिच्या मरणाची वाट बघितली रात्र रात्र, आणि तू गप्प?"

"ती त्या आठवड्यांत रोज मटण खात होती. मी आणखी गप्प बसले असते."

"लाज नाही वाटत?"

"नाही. ज्यांनी पोरांना जेवायला घालण्यासाठी आधी आजारी पाडायचा नियम केला त्यांना वाटू दे."

"ते काही असो," केझाया म्हणाली, आणि तिच्या तोंडावर तो पहिल्या बाकाचा चेहरा आला. "रांगेत कुणाचं तरी पोर थांबलंय. खरी छाती बिघडलेलं. कुणाच्या तरी ईनॉकची जागा माझ्या कागदानं अडवलीय. सोमवारी मी स्वतः जाऊन सांगते."

"अगं वेडे!"

"मी सांगणार."

"आई," डॉर्कस म्हणाली, "माझे कांदे?"

केझायानं लेकीला जवळ ओढलं, पण बेत बदलला नाही. रविवारभर मी तिच्याशी भांडले. भिंतीशी भांडणं सोपं, भिंत निदान धर्मग्रंथ काढून दाखवत नाही.

सोमवारी आम्ही दोघींनी दुपारपर्यंत मागांवर बदली बायका उभ्या केल्या आणि डॉर्कसला घेऊन ट्रामनं वर गेलो. मी गेले ती तिला आवरायला. जमलं तर तोंडावर हात ठेवीन, असा माझा बेत.

न्हाणीघर वाफेनं भरलेलं. टॅटरसॉल बाह्या वर करून पोरांना बटाट्यासारखी घासत होती. बाजूच्या खोलीत डॉक्टरीण. केझाया सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं खिशातनं कात्री काढली, तेव्हा डॉक्टरीण खुर्चीसकट मागे सरकली.

"बाई, भिऊ नका. तुम्ही माझ्या मुलीची छाती ऐकलीत ना शाळेत? तुम्ही कागद ऐकलात."

"काय ऐकलं?"

"कागद. हा." आणि तिनं डॉर्कसचा झगा उतरवला, बंडीचे टाके कचाकच कापले. ऑक्टोबरपासून जे मेपर्यंत टिकायचं होतं ते उघडं पडलं: चरबी, दोन कागद, आणि आत गुलाबी पोर. एका कागदावर किराणावाल्याच्या दुकानाचा शिक्का होता, तो उलटा होऊन डॉर्कसच्या पोटावर उमटलेला. चरबीमुळे स्पष्ट वाचता येत होता. बघ, म्हटलं मनात, पोरगी छापून निघाली.

नोव्हेंबरात उघडी छाती! केझायानं कात्री ठेवली, तळवे चोळून गरम केले आणि पोरीच्या पाठीवर ठेवले.

डॉक्टरीणबाईंनी नळी लावली. पुढून ऐकलं. पाठीमागून ऐकलं. पुन्हा पुढून.

"काही नाही," ती म्हणाली. "छाती स्वच्छ आहे." तिचे कान लाल झाले होते. "म्हणजे मी त्या दिवशी..."

"किराणावाल्याला तपासलंत," मी म्हटलं. राहवलं नाही.

दारात टॅटरसॉल उभी होती. तिच्या खांद्यांना हसू दाबताना कापरं भरलेलं.

"तेव्हा हिची खुर्ची दुसऱ्याला द्या," केझाया म्हणाली. तिचा आवाज सरळ होता, पण डोळे भरले होते. "ज्याची छाती खरी वाजते त्याला."

डॉर्कसनं खालचा ओठ दातात धरला. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी नळी गुंडाळून ठेवली. मग तिनं डॉर्कसला उजेडाकडे वळवलं, अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली. आत बघितलं. हिरड्या बघितल्या. नखं दाबली. दंडाला बोटं लावली.

"हे मी तेव्हाच बघायला हवं होतं," ती म्हणाली, "पण मला छाती सापडली होती ना! हिच्या अंगात रक्त नाही. आहे ते आत्ता, या टेकडीवर, येऊ लागलंय. हिची जागा इथंच आहे. मी कारण चुकीचं लिहिलं होतं." आणि तिनं आपल्या हातानं नोंदवहीतला आपलाच शब्द खोडला. मी डॉक्टर पुष्कळ पाहिलेत. आपला शब्द खोडणारी ही पहिलीच. एवढ्यासाठी मी तिला मानते.

पण मी गप्प बसणारी नव्हते. "रक्त नसणं हा आजार आहे तर?"

"अर्थात."

"मग खाली आमच्या गल्लीत या. एकेकाच्या पापण्या ओढा. सगळी गल्ली इथं आणून ठेवावी लागेल तुम्हाला."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"बाई, माझ्याकडे खुर्च्या मोजक्या आहेत." ती पहिल्यांदाच थकल्यासारखी वाटली. "पैसे देणाऱ्या समितीला खोकला समजतो. भूक सांगितली की म्हणतात, आईबाप आळशी."

"आळशी! समितीतल्या एकानं तरी माझ्या मागावर एक दिवस उभं राहावं." मी पुढं झाले आणि माझी स्वतःची पापणी खाली ओढली. "हे बघा. आहे का रक्त?"

तिनं खरंच वाकून बघितलं. "नाही."

"मग?"

"तुम्ही शाळेत नाही."

"नाही. दहाव्या वर्षी अर्ध्या दिवसासाठी गिरणीत घातलं, तेव्हाच माझी शाळेतनं निम्मी सुटका झाली."

डॉक्टरीणबाईंनी नोंदवही मिटली. नाहीतर मी आणखी भांडले असते.

टॅटरसॉलनं टाळ्या वाजवल्या. "झालं का पार्लमेंटातलं भाषण? चल गं छापील पोरी, पाण्यात."

केझाया न्हाणीघरात शिरली ती बाहेर निघेना. पाण्यात आधी कोपर बुडवून बघितलं, मग दार लावायला लावलं, मग टॉवेल बंबाजवळ गरम करवून घेतला. पोरीला पुसलं तेही तिनंच, बोटांच्या बेचक्यांसकट. शेवटी खिशातनं चरबीची डबी काढली.

"अजिबात नाही," टॅटरसॉल म्हणाली.

"थोडी."

"एक बोट. आणि कागद नाही."

"दोन बोटं."

"बाई, तू बाजारात भांडी विकत जा." पण दोन बोटं लावू दिली.

जेवण झालं आणि झोपायची वेळ आली. पोरं बाहेर ओळीनं खुर्च्यांवर पसरली. हवा निवळलेली, थंड, पण खाली गाव धुरात बुडालेलं आणि इथं चक्क ऊन. डॉर्कस रूथच्या शेजारी आडवी झाली. आता श्वासाचा आवाज येत नव्हता. रूथ कुजबुजली, "तू वाजेनाशी झालीस."

"गप. मला रक्त कमी आहे," डॉर्कस ऐटीत म्हणाली.

"चल," मी केझायाला म्हटलं. "दुपारच्या पाळीचा भोंगा होईल."

"तू जा पुढं. मी हिच्यावर लक्ष ठेवते. ओल्या केसांची आहे. जरा खोकली की उचलून घरी नेणार."

ओळीच्या टोकाला एक खुर्ची रिकामी होती, तापानं घरी राहिलेल्या कुणा पोराची. केझाया तिच्या अगदी कडेवर बसली, पाठ ताठ, डोळे लेकीवर. मी थोडी थांबले. पाठ जरा मागे टेकली. मग डोकं. मग तिचे लाकडी तळव्याचे बूट दोन्हीकडे पडले आणि माझी वहिनी घोरायला लागली. खोटं नाही सांगत, ओळभर पोरं खुदखुदली. मास्तरीणबाईंनी ओठावर बोट ठेवलं. टॅटरसॉल कुठून तरी घोंगडी घेऊन आली आणि तिच्यावर टाकली, गळ्यापर्यंत. डॉक्टरीण खिडकीतून बघत होती. आत निघून गेली.

लहानपणापासून केझाया गिरणीत आहे. दुपारी ती झोपलेली मी कधी पाहिली नव्हती. आजारी असतानासुद्धा नाही. भोंगा खालून ऐकू आला. फाटक बंद होणार, मुकादम दंड लावणार, बदली बाई तो माग स्वतःसाठी मागणार. मला सगळं माहीत होतं. मी तिला उठवलं नाही. गवतावर तिच्या पायाशी बसले.

पोरं उठली तेव्हा तीही दचकून उठली. घोंगडी बघितली, आम्हाला बघितलं, टोपी नीट केली.

"मी झोपले नव्हते," ती म्हणाली. "लक्ष ठेवत होते."

"दिसलं ते," डॉर्कस म्हणाली. "आई, उद्या पण ये ना लक्ष ठेवायला."